लिहावयाचे राहून गेलेले दोन भाग

रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या मिरजोळे गावात औद्योगिक वसाहत आहे. कातळावर आखलेले रस्ते, भूखंडांचे क्रमांक, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आणि पाळी संपल्यावर डबा हातात घेऊन घराकडे निघालेल्या बायका, असे तिचे रूप आहे. येथे राबणाऱ्या माणसाला मालकाचे नाव ठाऊक असते, ठेकेदाराचे तर पुरेपूर ठाऊक असते. परंतु ज्या कायद्याच्या आधारे सरकार गावची जमीन संपादन करते आणि तिचे भूखंड पाडते, तो कायदा कोणाच्या कारकिर्दीत झाला, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा. त्यानुसार औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले. त्या वेळी मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

त्याच यशवंतरावांचे ‘कृष्णाकाठ’ महाराष्ट्रातील गावोगावच्या वाचनालयांत आढळते, आणि अनेकदा त्याची पाने हाताळून मऊ झालेली असतात. मंत्र्यांच्या नावावर निघणारी बहुतेक पुस्तके निवडणूक संपली की रद्दीत जातात. हे पुस्तक गेले नाही. ‘ऋणानुबंध’ गेले नाही, ‘सह्याद्रीचे वारे’ हा भाषणांचा संग्रहसुद्धा अजून शोधून वाचला जातो. राजकारण, समाज, साहित्य, प्रवास, माणसे यांविषयी सत्तेच्या खुर्चीवर दीर्घकाळ बसलेल्या एका मराठी माणसाने इतक्या आस्थेने लिहावे, ही गोष्ट साधी नाही. म्हणूनच या लेखनाला नुसता नमस्कार करून पुढे जाणे योग्य होणार नाही. मंत्र्याचे चिंतन हे नागरिकाच्या कोणत्या उपयोगाचे असते, हा प्रश्न विचारायचा तर तो चांगल्या लेखनालाच विचारला पाहिजे. वाईट लेखनाला विचारण्यात अर्थ नसतो.

‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी यशवंतराव गेले. वेणूताई त्याच्या आदल्या वर्षी, जून १९८३ मध्ये गेल्या होत्या. या पुस्तकातील गरिबी सजवलेली नाही. देवराष्ट्र्याचे आजोळ, लवकर गेलेले वडील, विठाई, थोरल्या भावांनी सोसलेला भार, कऱ्हाडचे टिळक हायस्कूल, तुरुंग, तुरुंगातल्या बराकीत लाभलेले वाचन, हे सारे अत्यंत संयमाने आले आहे. लग्न २ जून १९४२ ला झाले आणि ते वर्ष सरते न सरते तोच जानेवारी १९४३ मध्ये भूमिगत नवऱ्यापायी वेणूताईंना अटक झाली. त्या प्रसंगावर दुसऱ्या एखाद्या पुढाऱ्याने भाषण ठोकले असते. यशवंतरावांच्या लेखणीला तेथे अपराधी वाटते, आणि म्हणूनच ती खरी वाटते.

समाजवादी कार्यकर्त्याला या पुस्तकात आणखी एक गोष्ट दिसते, जी इतरांच्या नजरेतून कदाचित निसटेल. हा तरुण त्याच मातीतला, त्याच तुरुंगांतला, तीच पुस्तके वाचणारा आहे. १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ज्या प्रश्नांवर वाद घालीत होते, तेच प्रश्न येरवड्यात यशवंतरावांना पडत होते. काही काळ ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले, आणि महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर झाले. पुढे १९४८ साली समाजवादी मंडळी काँग्रेसबाहेर पडली. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे शेतकरी कामगार पक्ष उभारून निघाले. यशवंतराव काँग्रेसमध्ये राहिले. बहुजन समाजातील तरुण कार्यकर्त्याने समाजवाद मानूनही सत्तेच्या पक्षातच का राहावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याइतक्या अधिकाराने महाराष्ट्रात दुसरे कोण देऊ शकले असते?

ते उत्तर ‘कृष्णाकाठ’मध्ये नाही. ते असू शकतही नव्हते. कारण पुस्तक १९४६ पाशी थांबते. निवडून आलेले यशवंतराव संसदीय चिटणीस म्हणून मुंबईस निघतात आणि कथन संपते. मुंबईच्या वर्षांचा एक आणि दिल्लीच्या वर्षांचा एक, असे पुढचे दोन भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता. मृत्यूने ते राहून गेले. यात त्यांना दोष देण्याजोगे काही नाही, हे आधी स्वच्छपणे म्हटले पाहिजे. परंतु परिणाम काय झाला, हेही तितक्याच स्वच्छपणे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या हाती त्यांच्या हातचे सलग आत्मकथन आहे ते मंत्री होण्यापूर्वीच्या यशवंतरावांचे. अडतीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनातील निर्णयांची त्यांच्या मनात काय संगती होती, ती पाने कोरी राहिली. तरीही ‘कृष्णाकाठ’च्या गोडव्यावर त्या कोऱ्या पानांचे मूल्यमापन उरकण्याची सवय महाराष्ट्राला लागली आहे. पोरवयातील गरिबीचा दाखला देऊन अर्थमंत्र्याचा अर्थसंकल्प पास करून घेण्यासारखाच हा प्रकार आहे.

त्या कोऱ्या पानांवर काय यावयास हवे होते, याची कल्पना दोन-तीन प्रसंगांवरून येईल.

जानेवारी १९५६. मुंबई केंद्रशासित राहणार, ही पंतप्रधानांची घोषणा १६ तारखेला आकाशवाणीवरून झाली आणि मुंबई पेटली. आदल्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी रक्त सांडलेच होते. आता दिवसामागून दिवस गोळीबार होत राहिले. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव होते. मेलेल्यांत गिरणी कामगार होते, त्यांत रत्नागिरी जिल्ह्याची पोरे होती. कोकणच्या खेड्यांतून मुंबईला गेलेला माणूस महिन्याला मनीऑर्डर पाठवी. त्या जानेवारीत काही घरांत मनीऑर्डरीऐवजी निरोप आला. मंत्रिमंडळात बसलेल्या त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मनात त्या आठवड्यात काय चालले होते? नेहरूंची साथ सोडावयाची नाही, ही त्यांची भूमिका जाहीर होती आणि तिच्याबद्दल त्यांनी शिव्याही खाल्ल्या. ती भूमिका चुकीचीच होती असे आज हट्टाने म्हणण्याचे कारण नाही. द्विभाषिकाचे मुख्यमंत्रिपद स्वीकारून, आतून वाट काढून, १ मे १९६० चा दिवस जवळ आणण्यात त्यांचा वाटा होता, हे विरोधकांनीही पुढे मान्य केले. परंतु त्या वाटचालीचा हिशेब त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला असता, गोळीबाराच्या दिवसासकट मांडला असता, तर तो पुढच्या प्रत्येक मंत्र्यासाठी आरसा झाला असता.

याच प्रसंगाला दुसरी एक बाजू आहे, आणि ती कोकणातील माणसाची आहे. चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रोह्यात वाढलेले, कुलाबा मतदारसंघातून १९५२ साली लोकसभेवर गेलेले, देशाचे अर्थमंत्री. राजकारणात ते फारसे मुरलेले नव्हते; सनदी नोकरी आणि रिझर्व्ह बँक हे त्यांचे क्षेत्र, संस्कृत काव्य हा त्यांचा विसावा. समाजवाद्यांशी त्यांचे कधीच पटले नसते. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले, यावरून त्यांचा कल कोणाकडे होता ते उघड आहे. असे असूनही जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा पुढे केला. १९ जानेवारीला, मुंबई जळत असताना, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा आकाशवाणीवरून त्यांनीच केली, कारण ते काम त्यांचे होते आणि ते पुरे करावयाचे होते. जूनमध्ये मुंबईविषयीचा निर्णय पंतप्रधानांनी पुन्हा जाहीर केला. त्यानंतर २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून देशमुखांनी सांगितले की, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होता जाहीर झाला, आणि महाराष्ट्राविषयी आकस बाळगला जात आहे. पंतप्रधान समोर बसले होते. आत्मचरित्र त्यांनी १९७४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहिले. परंतु त्यातील सर्वांत महत्त्वाचे पान अठरा वर्षांपूर्वीच सभागृहाच्या इतिवृत्तात छापून झाले होते.

देशमुखांचे गद्य कोरडे आहे, इंग्रजीत आहे, आणि सामान्य वाचक ते पुस्तक पुन्हा उघडणार नाही. यशवंतरावांचे लेखन शंभर वेळा उघडावेसे वाटते. तरीही मंत्र्याचे चिंतन कशाला म्हणावे, याचा विचार करताना कोरड्या पुस्तकाचे पारडे जड होते. खाजगीत जे वाटले ते खुर्चीवर असतानाच, किंमत मोजून, सभागृहात बोलले गेले होते. पुस्तक त्याची केवळ नक्कल आहे.

दुसरा प्रसंग अर्थकारणाचा आहे, आणि तो जरा तपशिलाने पाहणे भाग आहे. कारण यशवंतरावांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानमालांमध्ये तो सहसा वगळला जातो. १९७० ते १९७४ ते देशाचे अर्थमंत्री होते. बांगलादेशाचे निर्वासित, युद्ध, लागोपाठचे दुष्काळ, १९७३ अखेरचा तेलाचा भडका, असा तो काळ. फेब्रुवारी १९७३ चा त्यांचा अर्थसंकल्प ५५० कोटींच्या तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला गेला. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि तो चिरडला गेला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या चाळींतून बायकामुलांना बाहेर काढले गेले. त्यानंतर जुलैमध्ये सक्तीच्या ठेवीचा वटहुकूम निघाला. पगारात होणारी सारी वाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग नोकरदाराच्या हाती न देता सरकारजमा ठेवावयाचा, असे त्याचे सूत्र होते. बाजारातील पैसा शोषून घेतला की भाव उतरतील, हा त्यामागील विचार. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो बसतो, आणि पुढे भाव उतरलेही. परंतु पाठ्यपुस्तक हे सांगत नाही की पैसा शोषण्याचे इतर मार्गही असतात. लाभांशावर त्याच वेळी मर्यादा घातली गेली, हे खरे; पण साठेबाजाची आणि काळ्या पैशाची रक्कम कोणत्या वटहुकुमाने ठेवीत गेली? महागाई भत्ता म्हणजे पगारवाढ नव्हे. वाढलेल्या भावांनी कामगाराच्या ताटातून जे काढून घेतले, त्याची अर्धीमुर्धी भरपाई. तिचा निम्मा भाग थांबवणे म्हणजे महागाईचा खर्च महागाईने पोळलेल्यावरच टाकणे होय.

ज्या घरात विठाईने दिवस काढले, त्या घरातील मुलगा हा वटहुकूम तयार करीत होता. त्याला हे कळत नव्हते असे ‘कृष्णाकाठ’ वाचलेला कोणीही म्हणणार नाही. त्याला ते पुरते कळत होते. मग मंत्रिमंडळात काय बोलणे झाले? दुसरा मार्ग त्याने सुचवला होता काय, आणि सुचवला असल्यास कोणी नाकारला? भांडवलदारांच्या दबावाचा अनुभव कोणत्या रूपात आला? संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक १९७० मध्ये त्यांनीच लोकसभेत मांडले होते आणि ते राज्यसभेत मताच्या एका अंशाने पडले होते. म्हणजे वरच्या वर्गाशी झुंजण्याची त्यांची तयारी होती. तीच तयारी चार वर्षांनी कोठे थबकली? समाजवादी अर्थकारणाला सत्तेत गेल्यावर नेमकी कोठे खीळ बसते, हे सांगू शकणारा साक्षीदार तोच होता. बाहेरून कारणे देणे सोपे असते. आतून दिलेल्या एका कारणाची सर त्याला येत नाही.

तिसरा प्रसंग सर्वज्ञात आहे. २६ जून १९७५ च्या पहाटे मंत्रिमंडळाला बोलावले गेले, तेव्हा आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही होऊन गेली होती. मंत्र्यांना निर्णय कळविण्यात आला आणि त्यांनी तो मान्य केला. यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते. मार्च १९७७ पर्यंत ते मंत्री राहिले. त्या काळात मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्यात होत्या आणि नवराबायको एकमेकांना पत्रे लिहीत होते. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा आवाज उठवला, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करावयास लावली. देशभर माना खाली गेल्या असताना तो मांडव ताठ उभा राहिला. यजमान म्हणून यशवंतरावांनी त्यात अडथळा आणला नाही, संमेलन मोडले नाही, आणि एवढ्याबद्दल त्यांच्या सुसंस्कृतपणाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या काळातील दुसरा एखादा मंत्री असता तर अध्यक्षीय भाषणाआधीच ध्वनिक्षेपक नादुरुस्त झाला असता. परंतु पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली तेव्हा तेच सुसंस्कृत मंत्री मंत्रिमंडळात होते आणि काही बोलले नाहीत.

येथे विरोधाभास असा आहे की, ‘ऋणानुबंध’ त्याच १९७५ सालचे. माणसांविषयी, नात्यांविषयी, ऋणांविषयी इतके कोवळे लिहिणारा हात आणि मौन पाळणारे तोंड एकाच माणसाचे, एकाच वर्षातले. हा ढोंगीपणा होता, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह समाजवादी वर्तुळात त्या काळी पुष्कळांना झाला. ते उत्तर फार स्वस्त आहे. अधिक जवळचे उत्तर असे दिसते की, सत्तेत दीर्घकाळ राहिलेल्या संवेदनशील माणसाच्या मनाचे दोन कप्पे पडतात. संस्कृतीचा कप्पा प्रशस्त, हवेशीर राहतो. तेथे साहित्यिक येतात, गप्पा होतात, विश्वकोश मंडळ आणि साहित्य संस्कृती मंडळ यांसारख्या संस्था निघतात, तर्कतीर्थांसारख्या विद्वानाला मानाने बोलावले जाते. राजकारणाच्या कप्प्याला मात्र खिडकी उरत नाही. पहिल्या कप्प्यातील प्रकाश दुसऱ्यात जाऊ द्यावयाचा नाही, ही सवय माणूस स्वतःला लावून घेतो. मंत्र्याच्या सांस्कृतिक चिंतनाचे कौतुक करणारे आपण सारे त्या भिंतीला एक एक वीट लावीत असतो.

भिंतीपलीकडे काही लिहिलेच गेले नाही असेही नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध चालू असताना संरक्षणमंत्री यशवंतराव रोजनिशी लिहीत होते. रात्री, दिवसभराच्या बैठकांनंतर, सेनापतींच्या मनःस्थितीविषयी, लालबहादूर शास्त्रींच्या निर्धाराविषयी, स्वतःवरील ओझ्याविषयी त्यांनी नोंदी केल्या. त्यांचे एकेकाळचे सचिव राम प्रधान यांनी ती रोजनिशी २००७ साली प्रकाशात आणली. परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रेही मृत्यूनंतरच पुस्तकरूपाने आली. म्हणजे खुर्चीवर बसून केलेले खरे चिंतन होते. ते उशाखाली होते. युद्धकाळातील टिपणे लगेच छापावयाची नसतात, हे कोणीही मान्य करील. परंतु बेचाळीस वर्षांनी, ज्यांच्याविषयी लिहिले ते सेनापती गेलेले, पंतप्रधान गेलेले, लिहिणारा गेलेला, अशा वेळी आलेले पुस्तक हे इतिहासकाराचे खाद्य होते. नागरिकाला मंत्र्याला प्रश्न विचारण्याचे ते साधन राहत नाही.

आता थोडे घरातले. एस. एम. जोशींचे आत्मकथन ‘कृष्णाकाठ’च्याच सुमारास आले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राची लढाई, आणीबाणी, जनता पक्षाची मोडतोड, सारे मोकळेपणाने आले आहे. पण एस. एम. कधी मंत्री नव्हते. ज्याच्या हाती दंडुका कधी आला नाही, त्याला तो न वापरल्याचे श्रेय घेता येत नाही. त्यांनी ते घेतलेही नाही. खरी कसोटी समाजवादी मंत्र्यांची आहे. मधू दंडवत्यांनी १९७७ मध्ये रेल्वेमंत्री होताच १९७४ च्या संपात काढून टाकलेल्यांना कामावर घेतले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसवली. ही त्यांची चिंतने त्यांनी ग्रंथात न लिहिता डब्यांत लिहिली. ती गरीब प्रवाशांनी पाठीने वाचली. परंतु जुलै १९७९ चे काय? अविश्वासाचा ठराव यशवंतरावांनीच मांडला. सरकारच्या बचावाचे घणाघाती भाषण जॉर्ज फर्नांडिस यांनी केले आणि अवघ्या काही दिवसांत तेच सरकारबाहेर पडले. त्या आठवड्यातील समाजवादी मंत्र्यांच्या मनाचा हिशेब कोणी पुरता मांडला आहे काय? १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री असताना शेतकऱ्यांचे दहा हजारांपर्यंतचे कर्ज माफ झाले, सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, आणि परकीय चलनाचे संकट दाराशी येऊन उभे राहिले. वर्षभरात देशाच्या अर्थनीतीची दिशाच बदलली. ते संकट आधीच्या राजवटीचा वारसा होता, हे त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होते. तरी समाजवादी अर्थमंत्र्याला त्या महिन्यांत कोणते पर्याय दिसले आणि कोणते हाती घेता आले नाहीत, हा प्रश्न यशवंतरावांना जसा विचारावयाचा तसा दंडवत्यांनाही विचारला पाहिजे. आपल्या माणसाला सूट दिली की प्रश्नाची धार जाते.

हे सारे मिरजोळ्याहून फार दूरचे वाटेल. तसे ते नाही. कृष्णेच्या काठी सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली, त्या मुंबईच्या भागात कोकणावर एक प्रकरण असावयास हवे होते. कोयनेचे पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला पोफळीस येते. त्यावर १९६२ पासून वीज तयार होऊ लागली आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळू लागले. वीजघर रत्नागिरी जिल्ह्यात आणि वीज मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना; त्या कारखान्यांत राबावयास माणसेही याच जिल्ह्यातून. कोकणाने पाणी उतरवून घ्यावे, माणसे चढवून द्यावीत, हा व्यवहार कोणत्या विचाराने ठरला? सत्तरीच्या दशकात रत्नागिरी शहरालगत ॲल्युमिनियम प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली. प्रकल्प आला नाही. १९९२-९३ मध्ये तांबे गाळण्याच्या कारखान्यासाठी किनाऱ्याजवळची जमीन दिली गेली. त्या वेळी रत्नागिरीकर रस्त्यावर उतरले आणि काम थांबले. तोच कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला, आणि तेथे २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवर गोळीबार होऊन माणसे मेली. रत्नागिरीच्या लोकांनी आंदोलन केले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर दुसऱ्या समुद्रकिनाऱ्यावर लिहिले गेले. या प्रत्येक निर्णयावर कोणा ना कोणा मंत्र्याची सही आहे. त्यांतील काहींनी सत्कार समारंभांत साहित्यावर, संस्कृतीवर, कोकणच्या निसर्गसौंदर्यावर सुरेख भाषणे केली असतील. सही करतानाच्या रात्री काय वाटले, ते कोणी लिहिलेले कोकणाच्या वाचनात आलेले नाही.

कार्यकर्त्यांनी ‘कृष्णाकाठ’ वाचावे, अभ्यासवर्गात लावावे. त्याच अभ्यासवर्गात २५ जुलै १९५६ चे लोकसभेचे इतिवृत्तही वाचावे, जुलै १९७४ चा वटहुकूम समोर ठेवावा, आणि मंत्र्याच्या प्रत्येक सुंदर वाक्याशेजारी त्या वर्षी तो कोणत्या खात्याचा मंत्री होता ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. विद्यमान मंत्र्यांनाही हे लागू आहे. त्यांच्या मनातील विचार आता दररोज, कधी दिवसातून चार वेळा, लोकांपुढे येतात. सणांच्या शुभेच्छा, थोर पुरुषांच्या जयंत्या, एखाद्या पुस्तकाविषयी दोन ओळी. औद्योगिक वसाहतीतील ठेकेदारीवर, किमान वेतनावर, संपादित होऊन पडून राहिलेल्या जमिनीवर त्यांचे वैयक्तिक चिंतन कोणते, हे विचारणारे पत्र मिरजोळ्याच्या एखाद्या कामगाराने पाठवून पाहावे. पत्राची पोच आणि तारीख जपून ठेवावी.

कऱ्हाडला वेणूताईंच्या नावाने उभ्या केलेल्या स्मारकात यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आहे. चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून गेले की कऱ्हाड काही लांब नाही. पोफळी वाटेतच लागते. ज्यांना त्या दोन न लिहिलेल्या भागांचे साहित्य शोधावयाचे आहे, त्यांनी जाताना वीजघरापाशी थोडे थांबावे आणि मग पुढे जावे.